ताटाची डावी बाजू

वाइनच्या बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक ओळ हमखास छापलेली असते: मसालेदार भारतीय जेवणासोबत उत्तम. ती वाचली की लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटतं, नक्की कुठलं जेवण बुवा? कोल्हापूरचा तांबडा रस्सा की पुण्याची चिंचगुळाची आमटी? नागपूरचं सावजी की मालवणची सोलकढी? आमच्या नाशिकच्या घरात मे महिन्यात रात्री साडेआठला जे पानात पडतं, त्यात मसाला असा फारसा नसतोच. दिवसभराच्या उन्हानं जीव इतका आंबलेला असतो की वाटणाघाटणाची भाजी करणारीलाही नको वाटते आणि खाणाऱ्यांनाही. मग कैरी घातलेली डाळ, कांद्याची कोशिंबीर, दहीभात, तळलेली कुरडई, एखादी ओली भाजी आणि पोळ्या. या सगळ्यासोबत कुठली वाइन घ्यावी हे त्या लेबलवाल्याला ठाऊक नसतं, कारण त्यानं हे ताट पाहिलेलंच नसतं.

वाइन आणि जेवण जुळवण्याचं शास्त्र म्हणून जे काही आहे, ते जन्मलं अशा देशांत जिथं पदार्थ एकामागून एक येतात. आधी सूप, मग मासा, मग मांस, शेवटी चीज नाहीतर गोड. प्रत्येक पदार्थ टेबलावर एकटा येतो, त्यामुळे त्याला एक जोडीदार शोधणं सोपं. आपल्याकडे सगळे एकाच वेळी पंगतीला बसतात. पानाच्या वर मधोमध मीठ. डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटीची वाटी. समोर वरणभात आणि पोळी. एका घासात पोळी-भाजी, पुढच्यात भात आणि त्यावर बोटाच्या टोकानं चाटलेलं लोणचं. तो पुढचा घास घेताना तोंडात काय काय एकत्र येणार आहे, हे खाणाऱ्यालाही आधी माहीत नसतं.

पाश्चात्त्य पद्धतीनं विचार केला तर आपण वाइन उजव्या बाजूशी जुळवायला जातो. भरली वांगी आहेत ना, मग अमुक. मटण आहे ना, मग तमुक. माझं म्हणणं असं की आपल्याकडे वाइन डाव्या बाजूशी जुळवायला हवी. उजवीकडची भाजी बिचारी कुणाशीही नांदते. वाइनचा निकाल लागतो तो डावीकडे, चिमूटभर वाढलेल्या गोष्टींमध्ये. तिथं आंबट, खारट आणि तिखट यांचा अर्क बसलेला असतो. लसणीच्या तिखट चटणीपुढे किंवा मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यापुढे जी वाइन उभी राहते ती पानातल्या बाकी कशाहीपुढे राहते. आणि उन्हाळ्यात तर ही डावी बाजू फुगून अर्धं ताट व्यापते.

कारण अर्थातच कैरी. चैत्र लागला की आमच्याकडे कैरी नसलेला पदार्थ शोधावा लागतो. आंबेडाळ, मेथांबा, तक्कू, कैरी-कांद्याची चटणी, भेळेत कैरी, भातात कैरी, कोलंबीच्या कालवणात कैरी. आता आंबटपणाबद्दल वाइनवाल्यांचा एक नियम आहे आणि तो अगदी खरा आहे: पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट लागते. तक्कूचा घास घेऊन वर मऊसर, कमी आंबट अशी एखादी वाइन प्यायली की पेल्यात कुणी पाणी ओतलं की काय असं वाटतं. दुसरा नियम गोडाचा: पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन कडवट आणि आंबटढाण होते. या दोन नियमांवर उन्हाळ्यातले निम्मे निर्णय निघतात.

आंबेडाळीचंच घ्या. भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटायची, त्यात कैरीचा कीस, ओलं खोबरं, मीठ, कणभर साखर आणि वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी, तीत सुकी लाल मिरची. आमच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सासूबाई परातभर करतात. त्या रत्नागिरीकडच्या, आता ऐंशीच्या घरात आहेत. वाइनला त्यांनी कधी ओठ लावलेला नाही. पण नाक असं की फोडणीत हिंग कालच्या डबीतला आहे की नवीन, हे बाहेरच्या खोलीतून सांगतील. अशाच एका संध्याकाळी त्या कैऱ्या सोलत बसल्या होत्या, हिरव्या सालींचा ढीग ताटलीत. मी समोर बसून सॉव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनचा पेला हातात घेतला होता. त्यांनी हात पुढे केला.

"आण बघू इकडे. पिणार नाहीये हो मी. वास घ्यायला काय जातंय?"

पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, परत दिला. म्हणाल्या, "अगं, यात तर कैरीची साल आहे. आणि ढोबळी मिरची चिरल्यावर येतो ना, तसलाही काहीतरी वास आहे."

सॉव्हिन्यों ब्लाँबद्दल छापलेल्या पानभर वर्णनांपेक्षा हे दोन शब्द बरोबर आहेत. ढोबळी मिरचीचा तो हिरवा, कच्चा वास ज्या पायराझिन गटातल्या रसायनांमुळे येतो, तीच या द्राक्षातही असतात. द्राक्ष उन्हात जास्त पिकलं तर ती कमी होतात. कैरीच्या पानाशी ही वाइन जमते, कारण तिचा आंबटपणा कैरीला टक्कर देतो आणि वास त्याच हिरव्या घराण्यातला असतो. खोबरं आणि डाळ यांचा मऊपणा मग दोघांनाही सांभाळून घेतो.

पण इथंच एक खोच आहे, जी मला कुठल्या तक्त्यात सापडली नाही, सासूबाईंच्या साखरेवरून लक्षात आली. त्या आंबेडाळीत साखर किती घालायची हे कधीच ठरलेलं नसतं. कैरीचा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि मग ठरवायचं. फाल्गुन-चैत्रातली कैरी करकरीत आणि जहाल. वैशाखात ती पाडाला यायला लागते, आतून पिवळट होते, आंबटाला गोडाची किनार येते. मग वाइनही बदलायला हवी. चैत्रात सॉव्हिन्यों ब्लाँ. तीच डाळ वैशाखात केली तर शेनिन ब्लाँ, हीही पांढरीच. आपल्याकडच्या बाजारात जी शेनिन मिळते तिच्यातल्या बऱ्याच बाटल्या किंचित गोडसर असतात. उगाच नाकं मुरडतात लोक त्या गोडीला. ज्या ताटात मेथांब्याचा गूळ आहे, आमटीत गूळ आहे, कोशिंबिरीत चिमूटभर साखर आहे, तिथं हाडासारखी कोरडी, म्हणजे अजिबात गोडी नसलेली वाइन आणून काय करायचंय?

शेनिनचं मूळ फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं. पुढे दक्षिण आफ्रिकेनं तिला इतकं आपलंसं केलं की आज तिची सर्वांत मोठी लागवड तिथं आहे. गरम हवेत द्राक्षं भराभर पिकतात आणि आंबटपणा गमावून बसतात. शेनिन मात्र उन्हातही आंबटपणा धरून ठेवते. म्हणूनच ती नाशिकच्या मातीत रुळली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँचे वेल लावले आणि २०००मध्ये त्यांच्या 'सुला' वायनरीची पहिली वाइन आली. महाराष्ट्रात वाइन त्याआधीही होती. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकातच फसफसती वाइन केली आणि 'ओमर खय्याम' नावानं परदेशी पाठवली. पण 'घरी जेवताना एक बाटली उघडू या' हे मध्यमवर्गीय घरात शिरलं ते नाशिकनंतर.

चिंचगुळाच्या आमटीशी शेनिनचं जे जमतं त्याला रसायनशास्त्राचाही आधार आहे, आणि तो मला फार आवडतो. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक. हे आम्ल फळांमध्ये एवढ्या प्रमाणात सहसा सापडत नाही. लिंबात सायट्रिक, सफरचंदात मॅलिक, ताकात लॅक्टिक. आणि टार्टारिकनं ठासून भरलेलं आपल्या स्वयंपाकघरातलं फळ कोणतं, तर चिंच. म्हणजे आमटीचा भुरका आणि वाइनचा घोट, दोन्हींचा आंबटपणा एकाच कुळातला. जिभेला ते कुठेतरी कळत असावं. गूळ घातलेली पुणेरी आमटी आणि गोडसर शेनिन ही जोडी मी पाहुण्यांपुढे बिनधास्त ठेवते, आणि आमटीबरोबर वाइन म्हणजे काय भलतंच, असं म्हणणारेच वाटी पुढे करतात.

नाशिकच्या वाइनचं आणखी एक वैशिष्ट्य उन्हाळ्याच्या कामाचं आहे. युरोपात द्राक्षं तोडतात ती ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडे वेलीला वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काडी नव्यानं घडवायची, आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, जिच्यावर घड येतात. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे पावसाळ्यात वेल फक्त वाढतो, फळ धरतो ते हिवाळ्यात. रात्री थंड, दिवसा ऊन, हवा कोरडी. पांढऱ्या वाइनला लाकडी पिंपात मुरत पडायची गरज नसते, त्यामुळे हिवाळ्यात तोडलेल्या द्राक्षांची ताजी वाइन उन्हाळ्यापासून बाटलीत यायला लागते. इथली पांढरी वाइन तरुणपणीच प्यावी. दुकानात गेल्यावर मी लेबलवर आधी साल बघते, किंमत नंतर.

दिंडोरीकडचे एक ओळखीचे शेतकरी काका आहेत, एका वायनरीला कराराने द्राक्षं देतात. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी चुकवत नाहीत. फेब्रुवारीत त्यांच्या बागेत गेलो तर त्यांनी एक घड तोडून हातावर ठेवला. खायच्या थॉमसन द्राक्षाच्या मानानं मणी निम्म्याच्या आकाराचे, साल जाड, आत दोन-तीन बिया आणि गोडी अशी की बोटं चिकटली. "खाऊन बघा ताई, हा गोड माल काय खायच्या द्राक्षाला येत नाही," म्हणाले. मी विचारलं, काका, याची वाइन कशी होते कधी चाखून बघावंसं वाटत नाही? हसले. "माळकऱ्याला काय विचारता? आम्ही ब्रिक्स मोजून गाडीत माल भरतो, तिथून पुढचं तुमचं." ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. आमच्या जिल्ह्यातली पोरंसोरं हा शब्द तापमानासारखा सहज वापरतात. ज्या हातांनी ही द्राक्षं पिकतात त्यांतल्या पुष्कळ हातांनी वाइनचा पेला कधी धरलेला नाही. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं, नाशिककरांना वाटत नाही. इथं रामकुंडही आहे आणि वायनरीही, आणि दोन्हीकडच्या पार्किंगला जागा मिळत नाही.

आता उन्हाळ्यातल्या खऱ्या शत्रूबद्दल. तो कैरी नाही, तिखट नाही. तो आहे तापमान. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य जिथं जन्मलं तिथल्या दगडी घरातली खोली सोळा-अठरा अंशांची. आमची खोली मे महिन्यात रात्री नऊलाही तिशीच्या वर. त्या तापमानाची लाल वाइन म्हणजे काढा. नुसता मद्यार्क नाकात जातो. तेव्हा लाल वाइनसुद्धा वाढण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये टाकावी, यात कमीपणा काही नाही. पांढरी आठ ते दहा अंशांवर चांगली लागते. फ्रिज त्याहून थंड असतो, पण उन्हाळ्यात बाटली बाहेर काढून पोळ्या वाढेपर्यंत ती आपोआप तिथं पोचते. ऐन वेळी पाहुणे आले तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फापेक्षा पाणी-बर्फ लवकर गार करतं, कारण पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं, आणि मिठानं ते शून्याच्याही खाली उतरतं.

पेल्यात बर्फ टाकावा का? शिष्ट लोक नाही म्हणतात. मी मार्चमध्येच खायची बिनबियांची द्राक्षं धुऊन, पुसून, डब्यात भरून फ्रीझरला लावते. मेमध्ये चार-पाच मणी पेल्यात सोडायचे. वाइन गार राहते, पातळ होत नाही, आणि शेवटी ते मणी खायला पोरं टपलेली असतात; त्यांना कोरडे वेगळे द्यावे लागतात.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मी थोडी चिडूनच बोलणार आहे. आपल्याकडच्या पुष्कळ दुकानांत व्हिस्की-बिअरची बडदास्त असते आणि वाइन मात्र वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, पश्चिमेच्या उन्हाला तोंड करून उभी. एप्रिल-मेमध्ये अशा फळीवर चार आठवडे काढलेली बाटली उकडून निघते. ताजा फळाचा वास जातो आणि शिजवलेल्या सफरचंदासारखा, बसका वास येतो. लोक ती पितात आणि म्हणतात, आपली वाइन चांगली नसते. म्हणून उन्हाळ्यात बाटली घेताना फळीवरची घेऊ नये. दुकानदाराला फ्रिजमधली नाहीतर आतल्या खोक्यातली मागावी. बूच वर सरकलेलं असेल, गळ्याशी चिकट ओघळ असेल तर ती सरळ परत ठेवावी.

तिखटाकडे वळू. ठेचा, सांडगी मिरची, लसणीची चटणी. मिरचीतलं कॅप्सेइसिन आपल्या तोंडातल्या ज्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला, डिवचतं, तो खरं म्हणजे उष्णता ओळखण्यासाठी आहे. एरवी बेचाळीस अंशांच्या आसपास तो जागा होतो आणि मेंदूला 'भाजलं' असा निरोप धाडतो. म्हणूनच तिखट 'जळजळीत' लागतं. मद्यार्क या ग्राहकाला आणखी हळवा करतो; त्याचा उंबरठा चौतीस अंशांच्या आसपास, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली येतो. ठेच्यावर कडक वाइन घेतली की आगीत तेल का पडतं याचं उत्तर हे. त्यात लाल वाइनचं टॅनिन, चहाच्या उकळलेल्या पत्तीसारखी तोंड कोरडं करणारी तुरट चव, तिखटाला आणखी धार लावतं. तेव्हा तिखट डावी बाजू असेल तर मद्यार्क कमी, टॅनिन नाही, थोडी गोडी आणि भरपूर गारवा. ही सगळी लक्षणं गोडसर रीसलिंग या पांढऱ्या वाइनमध्ये सापडतात, गोडसर शेनिनमध्ये सापडतात. आणि खरं सांगायचं तर ज्या दिवशी पानात ठेचा-भाकरी हाच मुख्य बेत असतो, त्या दिवशी ताकाशी भांडायला जाऊ नये. कोणतीही वाइन हरते.

याउलट तळणाचा दिवस हा फसफसत्या वाइनचा. आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये वाळवणं असतात: कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड, बटाट्याचा कीस. गव्हाचा चीक पहाटे उठून शिजवायचा, सोऱ्यातून प्लॅस्टिकवर गोल गोल पाडायचा, आणि दुपारी कावळे हाकलत बसायचं. हल्ली विकत मिळतं सगळं, पण सासूबाईंसमोर विकतची कुरडई तळायची माझी छाती नाही. तर, गरम तेलात पडताच चौपट फुलणारी ती पांढरीशुभ्र कुरडई, तिचा खारट कुरकुरीतपणा, बोटांना लागलेलं तेल, आणि त्यावर गार ब्रूटचा, म्हणजे कोरड्या फसफसत्या वाइनचा घोट. यापेक्षा चांगली जोडी मला उन्हाळ्यात माहीत नाही. आंबटपणा तेल कापतो, बुडबुडे जीभ धुऊन काढतात, मिठानं वाइन अधिक गोल लागते. शँपेनसाठी लोक बटाट्याच्या वेफरची शिफारस करतात म्हणे. त्यांनी कुरडई खाल्लेली नाही. नाशिकच्या परिसरात, दिंडोरीला, मोएट हेनेसीची 'शाँडों' बनते आणि सुलाचीही ब्रूट आहे. दोन्हींमध्ये दुसरं आंबवण बाटलीतच होतं, शँपेनच्या पद्धतीनं. एवढी मेहनत केलेली वाइन पापड-कुरडईबरोबर? हो, अगदी त्याच्याबरोबरच. सांडगी मिरची मात्र शेजारी ठेवू नका; बुडबुडे तिखटाला टोचून जागं करतात.

मासळीचे दिवस आमच्याकडे ठरलेले. मुंबईहून येणारे बोंबील नाशिकला पोचेपर्यंत थोडे दमलेले असतात, पण रव्यात घोळवून तळले की तक्रार राहत नाही, त्यांनाही ब्रूटच. उन्हाळ्यातला राजा म्हणजे कोलंबी-कैरीचं कालवण. ओल्या खोबऱ्याचं वाटण, त्यात कैरीच्या फोडी, कोलंबीची अंगची गोडी. इथं पुन्हा सॉव्हिन्यों ब्लाँ. लाल वाइन मासळीबरोबर का नको, याला नुसती रूढी म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: २००९मध्ये जपानी संशोधकांनी वेगवेगळ्या वाइन सुकवलेल्या शिंपल्याच्या मांसासोबत तपासल्या, तेव्हा मागे राहणारा उग्र मासळट वास वाइनमधल्या लोहाबरोबर वाढत होता. लोह बांधून टाकल्यावर वास गेला. लाल वाइनमध्ये लोह बहुधा जास्त असतं. म्हणजे बांगडा आणि शिराझ एकत्र घेतल्यावर तोंडात जो खिळ्यासारखा वास राहतो, तो मनाचा खेळ नाही.

ओल्या काजूची उसळ झाली तर मी व्हिओनिए ही पांढरी वाइन काढते. महाग काजू, सोलताना हात चिकानं काळे, वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळणार. अशा उसळीला आंबट वाइननं दटावण्यात अर्थ नाही. व्हिओनिएचा जर्दाळूचा, फुलांचा वास आणि तिचा जाडसर अंगलोट खोबऱ्याच्या दुधाला शोभतो. त्या दिवशी डावीकडे लोणचं वाढायचं नाही, एवढंच पथ्य. कुयरीच्या भाजीला, म्हणजे कोवळ्या फणसाच्या, रोझे, म्हणजे गुलाबी वाइन बरी.

सरबतं, पन्हं, ताक, कोकम ही उन्हाळ्याची आपली पेयं आहेत आणि त्यांची जागा वाइननं घेऊ नये. दुपारी तर मुळीच नाही. वाइन तहान भागवत नाही. म्हणून जेवणाआधी पन्ह्याचा एक पेला आणि पानाशेजारी पाण्याचा तांब्या हवाच. सोलकढी पानात असेल तर मी बाटली उघडतच नाही. दोन यजमान एका घरात नकोत. गोव्याला मेमध्ये गेलं तर वाइनचं नावही काढू नये. तिथं काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची उर्राक नेमकी याच दिवसांत निघते, पावसाबरोबर संपते, आणि तळलेल्या मासळीपुढे तिला तोड नाही.

लाल वाइनचं काय, असं विचारणारे बहुतेक पुरुष असतात, माझा नवरा धरून. त्यांच्यासाठी रविवारचं मटण. पण उन्हाळ्यातलं मटण पातळ रश्श्याचं, टोमॅटोवर भागवलेलं, खसखस-खोबरं कमी. त्याला अकलूजजवळ पिकणारी 'फ्रातेल्ली' वायनरीची सांजिओव्हेसे चांगली. मूळ इटलीतल्या तोस्कानाचं हे द्राक्ष, टोमॅटोच्या सॉसशेजारी वाढलेलं, त्यामुळे आंबटपणा पुरेसा. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात इटलीचं द्राक्ष लावायचं धाडस करणाऱ्यांचं मला कौतुक आहे. अर्धा तास फ्रिजमध्ये, कांदा-लिंबू शेजारी, आणि भाकरी. शिराझचे जाडजूड, लाकडात मुरलेले प्रकार मात्र पावसाळ्यासाठी ठेवावेत.

राहिला आमरस. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे हापूसचा रस, खानदेशातल्या जावेमुळे शेजारी मांडे. गेल्या वर्षी पुण्याहून भाचा आला तो एक महागडी लाल वाइन घेऊन. "मामी, आज एवढा बेत आहे, तर हीच उघडू या ना?" मी नाही म्हटलं. आमरसापुढे कोरडी वाइन, मग ती कितीही महाग असो, औषधासारखी लागते. गोडाचा तो नियम तिथं सर्वांत कठोर. घरात लेट हार्वेस्ट शेनिनची छोटी बाटली होती, म्हणजे वेलीवर मुद्दाम जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची, मधासारखी. तीही हापूससमोर फिकी पडली. ती जेवण झाल्यावर, रसाच्या वाट्या उचलल्यानंतर, नुसती घेतली तर छान लागते. भाच्याला पटलं नाही. त्यानं हट्टानं आपली लाल वाइन उघडून स्वतःपुरता एक घोट घेऊन पाहिला आणि पेला गुपचूप बाजूला सरकवला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अरे, रस घे अजून. ती बाटली काय, मटणाच्या दिवशी संपेल."

ती मटणाच्या दिवसापर्यंत टिकणार नव्हती. उघडलेली लाल वाइन उन्हाळ्यात फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नये. दुसऱ्या दिवशी मी ती संपवली, वांग्याच्या भरताबरोबर, आणि भरतात त्या दिवशी मिरची निम्मीच घातली होती.